सुपरचार्जरचा इंटरकूलर: मोठा एचई, मोठा पंप की मोठी टाकी? आधी काय बदलू?

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

गाडी व्ही८, डोक्यावर रूट्स धाटणीचा ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जर, इंजिनात हवा दाबून भरणारा), आत एअर-टू-वॉटर इंटरकूलर (ती तापलेली हवा पाण्याने थंड करणारा). गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की दुसऱ्या प्रतिसादापासून ब्रँडवरून जुंपते. ब्लोअरची पुली एक पायरी लहान केली आहे, बूस्ट (ब्लोअरने वाढवलेला दाब) ९ पीएसआयच्या आसपास. बाकी इंजिन कंपनीतून आलं तसंच.

त्रास असा आहे. बाहेर ३२ अंश असताना निवांत चालवली की आयएटी (इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान) ४६-४७. ट्रॅकवर पाय पूर्ण दाबला की दहा-बारा सेकंदांत ७८. लगेच पुन्हा दाबला तर सुरुवातच ६० च्या वर होते आणि शेवट नव्वदीत. लॉगमध्ये ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचं टाइमिंग सहा अंशांपर्यंत मागे घेताना दिसतोय. पहिल्या वेळी गाडी जशी सुटते तशी दुसऱ्या वेळी सुटत नाही, लॉग न बघताही कळतं.

बेत असा की पुढचा हीट एक्स्चेंजर (इंटरकूलरचं पाणी वाऱ्याने थंड करणारा रेडिएटर, यापुढे एचई), पंप आणि टाकी, तिन्ही एकदम मोठे टाकायचे. पण एकाच वेळी सगळं उघडावं की टप्प्याटप्प्याने? आणि टप्पे करायचे तर आधी काय?

रबरी_नळी

एचई. डोळे झाकून. कंपनीचा एचई म्हणजे नावाला असतो, पातळ आणि अर्धा बंपरच्या मागे लपलेला. मोठा डबल-पास (पाणी दोनदा फिरवणारा) टाका आणि विषय संपवा.

अर्धा_क्लच

पुली परत मोठी कर, आयएटी आपोआप खाली येईल. 😄

तिसरा_गिअर

@अर्धा_क्लच, हा सल्ला घरूनही मिळाला होता.

मापाडी

डोळे झाकून काहीच बदलू नका. तीन भागांपैकी अडचण कुठे आहे हे मोजता येतं, आणि मोजायला फार काही लागत नाही.

आधी उष्णता येते किती ते बघू. ९ पीएसआय म्हणजे दाबाचं गुणोत्तर साधारण १.६. हवा दाबली की तापमान त्या गुणोत्तराच्या ०.२८६ व्या घाताने वाढतं, हे झालं आदर्श गणित. ३२ अंश म्हणजे ३०५ केल्विन, त्यावर आदर्श वाढ ४४ अंश. ब्लोअर आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर वाढ ६८ अंशांवर जाते. म्हणजे ब्लोअरमधून हवा शंभरीच्या घरात बाहेर पडते. साडेचारशे अश्वशक्तीच्या इंजिनाला सेकंदाला साधारण ०.३३ किलो हवा लागते. ती १०० वरून ६० वर आणायची तर तेवढा वेळ १३ किलोवॉट उष्णता पाण्यात जायला हवी. घरातले सहा-सात गिझर एकदम लावल्यासारखं आहे हे.

आता ही उष्णता तीन टप्प्यांतून जाते: हवेतून पाण्यात (आतला कोअर), पाण्याबरोबर पुढे (पंप आणि होज), पाण्यातून बाहेरच्या हवेत (एचई). प्रत्येक टप्प्यावर तापमानाचा फरक असतो, आणि जिथे फरक जास्त तिथे अडचण.

इंटरकूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या होजवर एकेक सेन्सर लावा. टी-जोड टाकून पाण्यात बुडणारा एनटीसी (तापमानाचा सेन्सर) सर्वांत चांगला, पण धातूच्या नळीवर बाहेरून घट्ट बांधून वर इन्सुलेशन गुंडाळलं तरी काम भागतं. मग फुल थ्रॉटलच्या शेवटी हे आकडे वाचा:

आत जाणारं पाणी आणि बाहेरची हवा यांतला फरक मोठा असेल तर एचई कमी पडतोय किंवा त्याला वारा मिळत नाही.

पाणी आत जाताना आणि बाहेर येताना यांतला फरक मोठा असेल तर प्रवाह कमी आहे. पंप, होज, एअरलॉक (अडकलेली हवा), काहीही.

हे दोन्ही फरक लहान असूनही आयएटी पाण्याच्या कितीतरी वर असेल तर आतला कोअरच लहान आहे किंवा त्याला तेलाचा थर बसलाय. अशा वेळी बाहेर कितीही मोठा एचई लावा, काडीचा फरक पडणार नाही.

आकडे टाका, मग बोलू.

सातवा_पाना

वाखूसा (वाचनखूण साठवली). मापाडीकाका, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा होता.

धुरांडे

पण एक गोष्ट लक्षात घ्या. प्रवाह फार वाढवला तर पाण्याला एचईमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही. पाणी हळू फिरलं पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकने मुद्दाम होजमध्ये लहान वॉशर टाकून प्रवाह कमी केला होता.

मापाडी

@धुरांडे, हा समज प्रत्येक कूलिंगच्या धाग्यावर येतो. तो खोटा आहे, पण खरा वाटावा असा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पाणी हळू गेलं तर एचईमधून बाहेर पडताना ते जास्त थंड असतं, हे बरोबर. पण ते बंद वर्तुळात फिरतंय. हळू गेलेलं पाणी इंटरकूलरमध्येही तितकाच जास्त वेळ थांबतं आणि तिथे जास्त तापतं. पाणी तापलं की हवा आणि पाणी यांतला फरक कमी होतो आणि कोअरचा शेवटचा अर्धा भाग जवळजवळ फुकट जातो. एचईकडेही तेच. पाणी शिरताना गरम, अर्ध्या वाटेत हवेच्या जवळ पोचलं, पुढचा अर्धा एचई नुसता बसून. आपल्याला एका लिटरमधून किती अंश गेले ते नको, सेकंदाला किती उष्णता गेली ते हवं. तापलेला चमचा नळाखाली धरा, धार मोठी केली की तो लवकर थंड होतो की उशिरा?

शिवाय प्रवाह वाढला की नळ्यांमध्ये पाणी घुसळतं आणि धातूशी त्याची देवाणघेवाण सुधारते. एका मर्यादेनंतर फायदा घटत जातो, हे खरं. प्रवाह दुप्पट केला म्हणून आयएटी अर्धं होत नाही. पण प्रवाह वाढवून आयएटी वाढलं असं झालं, तर कारण दुसरीकडे शोधा: जास्त ताकदीच्या पंपाने बुडबुडे ओढले, किंवा सक्शनची मऊ होज आत चेपली.

वॉशरचा किस्सा मीही ऐकलाय. इंजिनाच्या मुख्य सर्किटमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाड्यांत तो प्रकार करायचे. तिथे अडथळ्यामुळे सिलिंडर हेडमधला दाब वाढतो आणि पाणी स्थानिक उकळायचं थांबतं, म्हणून फायदा दिसतो. वेळ मिळाला म्हणून नव्हे.

धुरांडे

चमच्याचं पटलं. दाबाचा मुद्दा माहीत नव्हता. धन्यवाद.

बेल्टवाली

थोडं अवांतर, पण आर५३ मिनीवाल्यांसाठी हा धागा किती लागू? ईटनचा एम४५ ब्लोअर आणि वर बसवलेला एअर-टू-एअर इंटरकूलर (पाण्याऐवजी वाऱ्याने थंड होणारा) आहे. ट्रॅफिकमध्ये तापतो, मग हायवेला लागल्यावर बराच वेळ सुस्त चालते.

रबरी_नळी

@बेल्टवाली, तुमच्याकडे पंप नाही, टाकी नाही, त्यामुळे अर्धी डोकेदुखी कमी. तुमचा सगळा खेळ वाऱ्याचा. बॉनेटच्या स्कूपमधून आलेली हवा इंटरकूलरच्या फिन्समधूनच गेली पाहिजे, बाजूने निसटता कामा नये. स्कूप आणि इंटरकूलर यांच्यामधलं रबर सील आधी तपासा. जुन्या गाड्यांत ते आक्रसलेलं किंवा फाटलेलं असतं. दोन्ही बाजूंचे रबरी बूटही बघा, तिथून बूस्ट गळतो.

बेल्टवाली

सीलला एका बाजूने बोट जाईल एवढी फट आहे! उद्याच बघते.

तिसरा_गिअर

आकडे आले. बाहेर ३२, फुल थ्रॉटलच्या शेवटी:

आत जाणारं पाणी ५०, बाहेर येणारं ७०, आयएटी ७८.

म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा पाणी १८ अंश वर, आणि एका फेरीत पाणी २० अंश तापतंय. दोन्ही वाईट दिसतायत. मापाडीकाका, निदान सांगा.

मापाडी

एका फेरीत २० अंश हे फारच जास्त आहे. उलट गणित करू. हवा १०२ वरून ७८ वर आली म्हणजे २४ अंश, गुणिले ०.३३, म्हणजे ८ किलोवॉटच्या आसपास. निम्म्या ग्लायकॉलचं मिश्रण धरलं तर त्याची उष्णताधारकता किलोला अंदाजे ३.५ किलोज्यूल, साध्या पाण्याच्या ४.१८ पेक्षा कमी. आठ किलोवॉटने २० अंश तापायचं तर प्रवाह मिनिटाला साडेसहा-सात लिटरच निघतो. एवढ्या इंजिनाला हे काहीच नाही.

एचईचा विचार आत्ता बाजूला ठेवा. आधी बादली चाचणी करा. टाकीकडे परत येणारी होज काढून मापाच्या बादलीत सोडा, टाकीत वरून पाणी ओतत राहा, पंप अर्धा मिनिट चालवा आणि मोजा. पंप कोरडा पडू देऊ नका. इंजिन बंद ठेवून केलं तर बॅटरीला चार्जर लावा, नाहीतर व्होल्टेज कमी म्हणून प्रवाह कमी दिसेल.

उगाच_एक

आणि पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोज, पंप चालू असताना. बॅटरीवर मोजून उपयोग नाही.

तिसरा_गिअर

@उगाच_एक, तुला साष्टांग दंडवत.

बादलीत मिनिटाला साडेसहा लिटर भरलं, काकांच्या हिशोबाला चिकटून. आणि व्होल्टेज: बॅटरीवर १४.१, पंपावर १०.९! अर्थिंगची वायर चेसिसवर जिथे बसवली होती तिथे खाली रंगाचा थर आणि गंज. वायर सोडली तर रिंगच्या खाली हिरवट पूड. नवीन जाड वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर नेली, पॉझिटिव्हला वेगळा रिले आणि फ्यूज. आता पंपावर १३.८.

शिवाय एअरलॉक होता. गाडीचं नाक उंच करून, व्हॅक्यूम फिलरने पुन्हा भरलं. पंपाची ती घोगरी घरघर गेली.

बादलीत आता ११ लिटर. लॉग: पाणी आत ४७, बाहेर ६३, आयएटी ६९.

एक वायर आणि हवा काढणं, एवढ्यावर नऊ अंश.

सातवा_पाना

हे बघून आमच्या गाडीचं अर्थिंग आजच उघडतो.

अर्धा_क्लच

मग पुली अजून लहान करायला हरकत नाही.

रबरी_नळी

@अर्धा_क्लच, तिथे जरा सांभाळून. पुली लहान केली की बूस्ट वाढतो तसा ब्लोअरचा वेगही वाढतो, आणि प्रत्येक ब्लोअरची कार्यक्षमता एका वेगानंतर कोसळते. त्यानंतर मिळतं ते फक्त गरम हवेचं दडपण. गेजवर पीएसआय वाढलेला दिसतो, सिलिंडरमध्ये हवा तेवढीच. रोटरला तीन लोब (पाकळ्या) असलेले जुने एम-मालिकेतले ईटन इथे लवकर हात टेकतात, चार लोबचे ईटनचेच टीव्हीएस मालिकेतले जास्त तग धरतात. कॉर्व्हेटमध्येच बघा: जुन्या झेडआर१ च्या एलएस९ इंजिनावर २.३ लिटरचा ब्लोअर होता, नंतरच्या एलटी४ इंजिनावर १.७ लिटरचा आला, आणि तो लहान म्हणून २०,००० आरपीएमपर्यंत फिरवावा लागतो.

मापाडी

आता पंप. एका फेरीत अजून १६ अंश वाढतायत, म्हणजे प्रवाह अजून कमीच आहे. मी १० ते १२ अंशांवर समाधान मानतो.

पंप घेताना खोक्यावरचा आकडा विसरा. तो शून्य अडथळ्याला असतो, म्हणजे होजच नाही, कोअर नाही, एचई नाही. तुम्हाला हवा पंपाचा आलेख: अमुक दाबाला तमुक प्रवाह. खोक्यावर मिनिटाला ४० लिटर लिहिलेला पंप खऱ्या सर्किटमध्ये १५ देऊ शकतो, आणि ३० लिहिलेला २०, जर त्याची दाबाची ताकद जास्त असेल. ब्रशलेस घ्या, जास्त टिकतो.

पंप टाकीच्या खाली, सर्किटच्या जमेल तितक्या तळाशी. हे पंप पाणी ढकलतात, ओढत नाहीत. क्रम असा: टाकी, पंप, इंटरकूलर, एचई, परत टाकी. म्हणजे टाकीत नेहमी थंड झालेलं पाणी राहतं. आणि होज पाऊण इंचाच्या खाली कुठेही नको. लोक भारी पंप लावतात आणि मधे अर्ध्या इंचाचा काटकोनी जोड ठेवतात.

धुरांडे

एक मोठा घेण्यापेक्षा मूळचा पंप ठेवून दुसरा तसाच जोडला तर? पॅरलल की सीरिज?

मापाडी

सीरिज. अशा सर्किटमध्ये अडथळा मुख्य आहे, म्हणून दाब वाढवणं कामाचं. पॅरललमध्ये कागदावर प्रवाह दुप्पट होतो, प्रत्यक्षात थोडाच वाढतो. शिवाय पॅरललमध्ये एक बंद पडला की दुसऱ्याचं पाणी इंटरकूलरकडे जायचं सोडून मेलेल्या पंपातून उलटं फिरून येतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर प्रवाह जवळजवळ शून्य. सीरिजमध्ये एक मेला तरी दुसरा त्याच्यातून पाणी ढकलत राहतो. नवीन गाड्यांत मात्र पंपाला ईसीयूचा सिग्नल जातो, तो तोडला की फॉल्ट कोड येतो. तेव्हा मूळ पंप जागेवर ठेवून दुसरा जोडणं सोयीचं पडतं.

ओली_पट्टी

कोणी टाकीबद्दल बोलत नाहीये म्हणून लिहितो. मी पाच लिटरचं सर्किट बारा लिटरचं केलं आणि मला प्रचंड फरक पडला. एचई कंपनीचाच आहे.

रबरी_नळी

टाकीने फक्त उशीर होतो हो, उपाय होत नाही.

ओली_पट्टी

ज्याला दहा-बारा सेकंदांचाच खेळ खेळायचा आहे त्याला उशीर हाच उपाय आहे. १५ किलोवॉट गुणिले १२ सेकंद, म्हणजे १८० किलोज्यूल. पाच लिटर मिश्रण तेवढ्याने जवळजवळ दहा अंश तापतं, बारा लिटर चार अंश. माझी शर्यत संपते तेव्हा पाणी अजून थंडच असतं. आणि टाकीत दोन किलो बर्फ टाकला तर तो नुसता वितळताना ६६८ किलोज्यूल खातो. बर्फासाठी टाकी मोठी हवीच.

मापाडी

तुम्ही दोघेही बरोबर आहात, वेगवेगळ्या खेळासाठी. सरळ रेषेत एकदा पळायचं, मग परत येऊन थांबायचं, तर मोठी टाकी आणि बर्फ. ट्रॅकवर फेऱ्यामागून फेऱ्या मारायच्या, तर टाकी काही मिनिटांत एचई ठरवेल त्याच तापमानाला पोचते, आणि मग तेवढं जास्तीचं गरम पाणी थंड करत बसावं लागतं. धागाकर्त्याची तक्रार दुसऱ्या वेळची आहे, म्हणून त्याला टाकी शेवटी.

बर्फवाल्यांसाठी एक सूचना: बऱ्याच ड्रॅग स्ट्रिपवर ग्लायकॉल चालत नाही, सांडलं की ट्रॅक निसरडा होतो. तिथे साधं डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक. पण मग थंडी पडायच्या आत ग्लायकॉल परत भरायचं, नाहीतर गोठून कोअर फुटेल. नळाचं पाणी कधीच नको. आणि वेगळ्या जातीची कूलंट रंग सारखा दिसतो म्हणून मिसळू नका, रंगावरून जात कळत नाही.

उगाच_एक

एसीच्या गॅसने पाणी थंड करणारे चिलर किट? २०१८ च्या डॉज डेमनमध्ये कंपनीनेच दिलं होतं ना?

ओली_पट्टी

हो, ड्रॅग मोडमध्ये केबिनच्या एसीचं रेफ्रिजरंट इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवतात. लावायचा असेल तर एक खाच लक्षात ठेव. चिलरने पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थंड केलं की एचई उलटं काम करायला लागतो, म्हणजे बाहेरची गरम हवा पाण्याला तापवते. एवढ्या कष्टाने १५ अंशांवर आणलेलं पाणी पुढे ३५ अंशांच्या वाऱ्यात फिरवायचं. म्हणून एचईला बायपास करणारा व्हॉल्व्ह लागतो. आणि फुल थ्रॉटलला बहुतेक गाड्यांत ईसीयू कंप्रेसर सोडून देतो, म्हणजे तेवढा वेळ साठवलेल्या थंडीवरच भागवायचं. परत आली ना टाकी? 😉

सातवा_पाना

वॉटर-मेथनॉल इंजेक्शन कोणी सुचवलं नाही अजून.

रबरी_नळी

चांगलं आहे, पण तो इंटरकूलरला पर्याय म्हणून नको. पाण्याची बाष्पीभवनाची उष्णता किलोला २२५७ किलोज्यूल, त्यामुळे थोडंसं फवारलं तरी परिणाम जबरदस्त. भीती एवढीच की ट्यून त्याच्या भरवशावर केला आणि टाकी संपली, नोझल तुंबलं, तर नॉक (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका) व्हायला वेळ लागत नाही. प्रवाह बंद झाला की टाइमिंग आणि बूस्ट आपोआप खाली येईल अशी सोय हवी. आणि ओल्या हवेत सेन्सर भिजला की आयएटी खोटं कमी दाखवतो. मेथनॉल विषारी आहे, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, हेही विसरू नका.

तिसरा_गिअर

पंप बसवला. मूळचा काढला नाही, काकांनी सांगितल्याप्रमाणे दुसरा सीरिजमध्ये, त्याला स्वतःचा रिले. दोन काटकोनी जोड काढून तिथे मोठ्या वळणाची होज टाकली. बादलीत २० लिटर.

लॉग: पाणी आत ४८, बाहेर ५९, आयएटी ६५. एका फेरीतली वाढ ११ वर आली. पण बाहेरच्या हवेपेक्षा पाणी अजून १६ अंश वर. आता एचईची पाळी ना?

मापाडी

आता एचईची पाळी. पण विकत घेण्याआधी बंपर काढून आहे तो बघा. फिन्समध्ये किडे, माती, वाकलेले पत्रे किती आहेत? आणि वारा कुठून निसटतोय?

हवा आळशी असते. एचईच्या चारी बाजूंना फट असेल तर ती फिन्समधून जाण्याऐवजी फटीतून जाते. बंपरच्या जाळीपासून एचईच्या कडेपर्यंत बंद वाट करून द्या, प्लास्टिकचे पत्रे आणि क्लोज्ड-सेल फोमची पट्टी पुरते. हे न करता दुप्पट जाडीचा एचई लावला तर त्याचा अडथळा जास्त, म्हणून हवा आणखीच बाजूने जाते. जाडीपेक्षा समोरचं क्षेत्रफळ वाढवा.

धुरांडे

एचई एसी कंडेन्सरच्या पुढे लावायचा ना?

मापाडी

हो, सर्वांत पुढे. सर्वांत थंड हवा त्याला. पण त्याची किंमत मागचे देतात. एचईने तापवलेली हवा कंडेन्सरला आणि मग रेडिएटरला मिळते. म्हणून नवीन एचई लावल्यावर इंजिनाचं कूलंट तापमान आणि एसीचा हाय साइडचा दाब, दोन्ही उन्हात, ट्रॅफिकमध्ये बघायचे. डबल-पास एचईत टाकीच्या मधे पडदा घालून पाणी दोनदा फिरवतात, त्याने कामगिरी सुधारते पण अडथळाही वाढतो. कमजोर पंपावर डबल-पास लावून लोक निराश होतात ते यामुळे. शेवरोले कोबाल्ट एसएसवाले इनटेक मॅनिफोल्डलाच डबल-पासची एंड प्लेट लावतात, तिथेही हाच हिशोब.

तिसरा_गिअर

बंपर काढला. एचईच्या खालच्या तिसऱ्या भागात वाळलेल्या चिखलाचा आणि किड्यांचा गिलावा. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं फट. मागून पुढे हळू धारेने धुतला, फिन्स कंगव्याने सरळ केल्या. अर्ध्या रुंदीचा होता, त्याच्या जागी बंपरच्या पूर्ण उघड्या भागाएवढा सिंगल-पास टाकला, जाडी मूळचीच. कडांना फोम.

बाहेर ३३. पाणी आत ४३, बाहेर ५४, आयएटी ६०. लगेच पुन्हा दाबला तेव्हा सुरुवात ४८ आणि शेवट ६३. टाइमिंग मागे घेणं दोन अंशांवर आलं. ७८ वरून ६० म्हणजे हवेची घनता पाच टक्क्यांहून जास्त वाढली, टाइमिंगचा फायदा वेगळा.

इंजिनाचं कूलंट तापमान ट्रॅफिकमध्ये तीन अंश वर गेलंय, एसी ठीक. टाकीला हात लावला नाही.

एक शंका: गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी चालू केलं तर आयएटी ७५ दाखवतो आणि मिनिटभरात खाली येतो. काही चुकलंय का?

उगाच_एक

तो हवेचा नाही, धातूचा ताप आहे. सेन्सर मॅनिफोल्डमध्ये बसलाय, इंजिन बंद असताना खालून सगळी उष्णता वर येते. इंजिन बंद केल्यावर दोन-चार मिनिटं पंप चालू राहील असा टायमर लावतात काही जण, बॅटरी चांगली असेल तर हरकत नाही. मॅनिफोल्डखाली फेनॉलिक स्पेसर (उष्णता अडवणारा थर) हा दुसरा मार्ग, पण त्याने ब्लोअर वर सरकतो. बॉनेट बंद होतंय का आणि बेल्टची रेष जुळतेय का ते बघून.

बेल्टवाली

सील बदललं. हायवेला लागल्यावर सुस्तपणा लवकर जातो आता. @रबरी_नळी, आभार.

ओली_पट्टी

@तिसरा_गिअर, एक विचारायचं राहिलं. टाकीचं झाकण उघडून पंप चालू ठेवला की अजून बारीक बुडबुडे येतात का? आणि पातळी उतरतेय का?

तिसरा_गिअर

पहिले काही दिवस यायचे, आता नाही. पातळी स्थिर. का?

ओली_पट्टी

तुझा पंप आता जास्त दाब देतोय आणि कोअर जुना आहे, म्हणून. कोअर आतून गळायला लागला तर बाहेर थेंब दिसत नाही. बूस्टमध्ये हवा पाण्यात शिरते, म्हणून टाकीत कधीच न संपणारे बुडबुडे. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो तेव्हा उलटं, पाणी इनटेकमध्ये ओढलं जातं. सुरू करताना पांढरा धूर आणि गोडसर वास आला तर स्टार्टर मारत बसू नकोस. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून बघायचं, आणि सर्किटला प्रेशर टेस्टर लावून काटा उतरतो का ते बघायचं. ज्यांना 'हवा काढून काढून थकलो, तरी निघत नाही' असा त्रास आहे त्यांनी आधी हेच करावं.

धुरांडे

आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या गाडीत नेमकं हेच चाललंय, तो पंपाला शिव्या घालतोय. त्याला लिंक पाठवतो.

सातवा_पाना

@तिसरा_गिअर, दुसऱ्या पंपाच्या रिलेला ट्रिगर कुठून घेतलास? मूळ पंपाच्या वायरवरून घेतला तर ईसीयू त्याला कधी कधी बंद ठेवतो ना?

तिसरा_गिअर

बरोबर, म्हणून तिथून नाही घेतला. इग्निशन चालू केल्यावर जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून टॅप घेतला, म्हणजे किल्ली फिरवली की दुसरा पंप चालूच. मूळचा ईसीयूच्या मर्जीने चालतो, कोड येत नाही. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर ठेव, वायर पंपाच्या कमाल करंटच्या हिशोबाने जाड घे, आणि अर्थिंगच्या खालचा रंग खरवडून काढ.